धूर कुठंय?

व्हाइसच्या शिकंज्याखाली लोखंडाचा भुगा साचतो, तसे हे किस्से साचतात. रोज संध्याकाळी झाडून काढा, सकाळी चपलेखाली पुन्हा करकर आहेच. ओमान सोडून आता बरीच वर्षं झाली, तरी खेडला चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी विचारतंच, "प्रभाकर, तू तिकडे बंदुका बनवायचास म्हणे?"

बनवत नव्हतो रे बाबांनो, दुरुस्त करायचो! आणि दुरुस्त करता करता एकच गोष्ट मागत होतो, माझा पासपोर्ट.

पासपोर्ट असायचा अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, लोखंडी कपाटात. त्या काळी तशी पद्धतच होती. मला व्हिसा कॅन्सल करून कायमचं घरी यायचं होतं. भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. नुसता थकलो होतो. फोनवर बायको विचारायची, "यंदा तरी?" आणि मी म्हणायचो, "बघतो." हे 'बघतो' म्हणून म्हणून जीभ झिजली होती.

आमचा अर्बाब सालेम. तो वाईट असता तर मी भांडून कधीच निघालो असतो. पण तो गोड हसायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "इन्शाल्ला, ईदनंतर." कुठल्या ईदनंतर ते मात्र कधी सांगायचा नाही.

*

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी टर्नर, लेथवर काम करणारा. एजंटनं सांगितलं होतं, पाण्याच्या पंपांचं वर्कशॉप आहे, इब्रा नावाच्या गावात. मस्कतहून आत, डोंगरांकडे. मी उतरलो तर पाटीवर पंपाचं चित्र, आणि त्याच्या शेजारी तेवढ्याच आकाराचं बंदुकीचं चित्र!

पहिल्याच दिवशी सालेमनं एक लांबलचक जुनी बंदूक माझ्यासमोर टेबलावर आडवी ठेवली. मी हात मागे घेतले. आमच्या सात पिढ्यांत कोणी गलोलसुद्धा धरली नव्हती.

"अर्बाब, मैं पंप का आदमी है," मी म्हणालो.

सालेमनं बंदुकीच्या नळीतून आरपार माझ्याकडे पाहिलं. "पंप में क्या है? पाइप. इस में क्या है? पाइप. यल्ला, काम करो!"

भिंतीवर पोलिसांचं लायसन्स फ्रेम करून लावलेलं होतं. येणाऱ्या प्रत्येक हत्याराचे कागद आधी बघायचे, मगच हात लावायचा, असा सालेमचा कडक नियम होता. हे बघून मला जरा धीर आला. पंप यायचे उन्हाळ्यात आणि बंदुका यायच्या ईदच्या आणि लग्नांच्या आधी. म्हणजे मला सुट्टी कधीच नाही.

*

तिथे बंदूक कोणाला मारायला नसते, हे मला हळूहळू समजलं. ती मिरवायला असते. लग्नात, ईदला पुरुष रांगेनं उभे राहतात, गातात, आणि हवेत बिनगोळीचे बार काढतात. जेवढा मोठा बार, तेवढा मोठा मान. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी डॉक्टरच्या दवाखान्यासारख्या असायच्या. "आवाज बसलाय." "आवाज घोगरा येतो." "पूर्वी कसा खणखणीत होता!"

एकदा एक जण थेट रुस्ताकहून गाडी हाणत आला. बंदूक ठणठणीत होती. तक्रार एवढीच, की चुलतभावाच्या बंदुकीचा आवाज जास्त मोठा आहे. मी सगळं खोलून बघितलं, साफ केलं, परत जोडलं. करण्यासारखं काहीच नव्हतं. तसं सांगितलं तर गडी हलायला तयार नाही.

मग दाऊदभाई पुढे झाले. हे आमचे दुसरे कारागीर, दापोलीकडचे. बंदुकांच्या लाकडी दस्त्यांचं आणि पॉलिशचं काम त्यांचं. माझे रूम पार्टनरही तेच. त्यांनी बंदूक आत नेली, दस्ता घासून आरशासारखा केला, पितळेची कडी चमकवली आणि बाहेर आणून अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "अब कान में रुई डाल के ही चलाना. नहीं तो हम जिम्मेदार नहीं!"

गडी वादीत, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात गेला, बार काढला आणि कान दाबत परत आला. दाऊदभाईंना मिठी मारली, खजुराचा डबा दिला.

सालेमनं नंतर विचारलं, "दाऊद, आवाज कैसा बडा किया?"

"मी काय केलां नाय," दाऊदभाई मला आमच्या भाषेत म्हणाले. "तेच्या भावाकडं कापूस नाय ना!"

*

मग ती रिव्हॉल्व्हरं आली.

दिसायला आजोबांच्या काळातली, पण घडवलेली आत्ता, परदेशी कारखान्यात. जुन्या पद्धतीची हुबेहूब नक्कल. त्यांच्या मधोमध फिरणारी गोल डबी असते, तिला आम्ही चक्री म्हणायचो. तिला सहा भोकं, आणि त्या सहाही भोकांत काळी दारू हातानं भरायची. आजकालच्यासारखं काडतूस घातलं आणि झालं, असं नाही. एक चक्री भरायला एवढा वेळ, की तेवढ्यात माणसाचा एक चहा पिऊन व्हावा.

त्यातलं एक हमूदकडे होतं. हमूद आमच्या गल्लीतला, खाद्यपदार्थांच्या दुकानाचा मालक. ते त्यानं आपल्या बापासाठी घेतलेलं. बाप म्हणजे म्हातारा खलफान. जन्म आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा. दाऊदभाई जंगबार म्हणायचे, त्यांच्या आजोबांच्या गलबतावरचा शब्द. तिथे म्हाताऱ्याची मोठी वाडी होती. मग तिथे उलथापालथ झाली आणि ही माणसं नेसत्या कपड्यांनिशी ओमानला, वाडवडिलांच्या गावी आली. म्हाताऱ्याचं खरं रिव्हॉल्व्हर तिथेच राहिलं. म्हणून मुलानं तसंच दिसणारं हे नवं आणून दिलं. म्हातारा ते मांडीवर घेऊन दारात बसायचा.

एका लग्नात हमूदनं बापाच्या हातातून ते घेतलं आणि नवरदेव आला तसे सहा बार काढले. लोक म्हणाले, अजून! हमूद भिंतीकडे तोंड करून पुन्हा चक्री भरायला बसला. नवरदेव आत गेला, गाणी संपली, हात धुऊन मंडळी ताटाभोवती बसली, तरी हमूद भरतोच आहे. अखेर भरून झाली. तो वळला आणि काढला बार! भाताचं अख्खं ताट घेऊन येणाऱ्या माणसानं ते ताट जागच्या जागी सोडलं.

दुसऱ्या दिवशी हमूद आमच्या दुकानात. "इस में कारतूस डालो. आज के आज!"

अशी गिऱ्हाइकं वाढली. सालेमनं पोलिसांची परवानगी काढली, काडतुसं घेणाऱ्या तयार चक्र्या बाहेरून मागवल्या. जुनी चक्री काढायची, नवी बसवायची, आणि प्रत्येक रिव्हॉल्व्हरचा नखरा वेगळा म्हणून तासून तासून जुळवायची. मी म्हणालो, "अर्बाब, माझ्या कॅन्सलचं?"

"इतना काम हो जाए. फिर खलास, तुम घर!"

जुन्या चक्र्या ज्याच्या त्याला परत द्यायचो. हमूद म्हणाला, "मला नको, फेकून द्या." मी फेकणार, तेवढ्यात दाऊदभाईंनी ती झेलली.

दाऊदभाईंना विड्यांचं व्यसन. पण दुकानात काळी दारू, त्यामुळे सालेमनं विडी कायमची बंद केलेली. तेव्हापासून ते लवंगा चघळायचे. त्यांनी ती चक्री पुसली, सहाही भोकांत गच्च लवंगा भरल्या आणि बाकावर उभी केली. तलफ आली की एका भोकातून लवंग काढायची, संपलं की पुन्हा भरायची.

"हां, आता माजी बी भरलेली हाय," ते म्हणाले.

*

नव्या चक्र्या बसवल्या की चाचणी घ्यायची. त्यासाठी वादी ठरलेली होती, पण त्या दिवशी मी कंटाळलो होतो. उन्हानं डोकं उठलं होतं, आणि सकाळीच सालेमनं पुन्हा 'इन्शाल्ला' म्हटलं होतं. म्हटलं, कशाला लांब जायचं? दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत, बिनगोळीच्या काडतुसांवर, सटासट सहा बार काढले.

आणि मग आठवलं, की आज बुधवार!

इब्रात बुधवारी सकाळी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. आणि तो बाजार बरोबर आमच्या मागच्या भिंतीपलीकडे. क्षणभर सगळं शांत झालं. मग पलीकडून एका बाईनं जीभ हलवून लग्नात काढतात तशी आनंदाची किलकारी काढली. मग दुसरीनं. मग अख्ख्या बाजारानं!

त्यांना वाटलं, कुणाची तरी वरात चाललीय. चार-पाच म्हाताऱ्या भिंतीच्या कोपऱ्यावर येऊन विचारायला लागल्या, नवरदेव कुठाय? दाऊदभाईंनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. एका आजीनं माझं टक्कल, माझा ग्रीसनं माखलेला बनियन वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग पिशवीतून अत्तराची बाटली काढली, माझ्या दोन्ही खांद्यांना लावली आणि दाऊदभाईंना काहीतरी बोलून गेली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणली, बिचाऱ्याला फार उशीर झालाय, आता तरी घरी जाऊ द्या."

मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. दाऊदभाई पॉलिशचा डबा घेऊन आत गेले.

*

ईद आली. काम संपलं होतं. नव्या चक्र्या सगळ्या बसल्या होत्या, एकही अडकत नव्हती. मी आयुष्यात एवढं सफाईदार काम केलं नव्हतं. बॅग भरून कॉटखाली ठेवली. बायकोला फोनवर प्रथमच 'बघतो' न म्हणता 'येतो' म्हटलं.

ईदच्या तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर दारात रांग. मला वाटलं, आभार मानायला आलेत!

पहिला माणूस म्हणाला, "धूर कुठंय?"

दुसराही तेच. तिसराही तेच. काळ्या दारूचा धूर पांढरा, दाट, माणसाभोवती ढगासारखा राहणारा. त्यात उभं राहून मिशीवर हात फिरवायचा, हीच तर सगळी गंमत. नव्या काडतुसाला धूर नावालाच. टाळी वाजवल्यासारखा आवाज, आणि माणूस मैदानात कोरडाच्या कोरडा उभा. फोटोत कळतसुद्धा नाही की बार काढलाय!

"काडतुसातच काळी दारू भरून देऊ," मी सालेमला सुचवलं.

त्यानं भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "लायसन्स रिपेअर का है. भरने का नहीं. तुम जेल जाएगा, मैं भी जाएगा."

रांगेच्या शेवटी हमूद होता, आणि त्याचा हात धरून म्हातारा खलफान. म्हाताऱ्याला दिसायचं कमी झालं होतं. त्यानं रिव्हॉल्व्हर माझ्या बाकावर ठेवलं. झांझिबारात गुजराती दुकानदारांकडून उचललेली त्याची हिंदी होती, ती तो फार हळू बोलायचा.

"ये अब छींकता है," तो म्हणाला.

सालेमचा चेहरा पडला. खलफान म्हणजे गल्लीतला सर्वांत मानाचा माणूस. आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या नातवाचं, हमूदच्या मुलाचं लग्न. म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं बार काढायचं ठरवलेलं.

"सब वापस करो, प्रभाकर. पुराना लगाओ," सालेम म्हणाला, आणि खांद्यावर हात ठेवायला आला. मी पहिल्यांदाच खांदा बाजूला घेतला.

बॅग कॉटखालून काढली, कपडे पुन्हा खुंटीवर टांगले. त्या रात्री मी जेवलो नाही. इतक्या मेहनतीनं बसवलेलं सगळं आपल्याच हातांनी काढायचं, आणि तेही मुळात होतं तसंच करण्यासाठी! एवढा कंटाळा मला पुढे कधीही आला नाही.

*

बाकीच्यांनी आपापल्या जुन्या चक्र्या घरून आणल्या. प्रश्न एकच होता. खलफानची चक्री दाऊदभाईंच्या बाकावर, लवंगांनी भरलेली.

"नाय देनार," दाऊदभाई म्हणाले.

"दाऊदभाई, म्हाताऱ्याच्या नातवाचं लगीन आहे."

"मग माज्या विडीचं काय? पुना सुरू झाली म्हंजे? माजी बायको तिकडून इकडं येल!"

"दुसरी बसत नाही हो त्यात. हीच बसते. आणि हे काम अडलं म्हणजे माझं जाणं अडलं."

हे ऐकून त्यांनी चक्री स्वतःकडे ओढली. चक्री उपडी करून लवंगा कागदावर ओतल्या. पुडी खिशात ठेवली आणि चक्री माझ्या हातात दिली.

मी ती गरम पाण्यानं धुतली. साबणानं धुतली. पुन्हा उकळत्या पाण्यानं धुतली. लोखंड चकचकीत झालं, पण वास जाईना. इतके महिने लवंगेचं तेल आत मुरलेलं. नाकाशी धरली की थेट मसालेभातच आठवायचा!

"कळेल का हो म्हाताऱ्याला?" मी विचारलं.

"बार उडाला का धूरच धूर," दाऊदभाई म्हणाले. "तेच्यात लवंगंला कोन विचारतो?"

*

लग्न हमूदच्या घरासमोरच्या मैदानात होतं. आम्हाला आमंत्रण होतं. सालेम पहिल्या रांगेत, नवा पांढरा पायघोळ दिशदाशा घालून, कमरेला खंजीर. आम्ही दोघे मागे, खजुराच्या झाडाखाली.

खलफानला खुर्ची दिली होती. नवरदेव आला तसा म्हातारा उठून उभा राहिला. रिव्हॉल्व्हर वर धरलं. आता हे नीट चाललं नाही तर माझा पासपोर्ट त्या कपाटातच म्हातारा होणार होता.

धडाड!

काय आवाज होता! मागून दुसरा, तिसरा. पांढऱ्या धुराचा लोट म्हाताऱ्याभोवती जमला. लोक ओरडायला लागले, बायकांच्या किलकाऱ्या सुरू झाल्या. सहाव्या बारानंतर तर म्हातारा दिसेनासाच झाला. सालेमनं मागे वळून माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

धूर विरळ झाला तरी म्हातारा हलला नाही. हात अजून वरच. मग त्यानं तोंड पुढे केलं आणि धूर हुंगला. पुन्हा हुंगला. वाऱ्याबरोबर वास आमच्यापर्यंत आला. दारूचा उग्र वास आणि त्यात स्वच्छ, गोड, लवंगेचा. दाऊदभाईंनी माझा दंड घट्ट धरला. आम्ही पकडले गेलो होतो.

"कराफू," म्हातारा म्हणाला.

गाणारे थांबले. हमूद धावत त्याच्याजवळ गेला.

"कराफू," म्हातारा पुन्हा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुरानं होतं की काय, मला कळेना. मग त्यानं मोठ्यानं विचारलं, "किसने बनाया ये?"

दाऊदभाईंनी, माझ्या सख्ख्या मित्रानं, मला पाठीत हात लावून पुढे ढकललं!

मी मान खाली घालून म्हाताऱ्यासमोर उभा राहिलो. हमूद माझ्या कानात कुजबुजला, "कराफू म्हणजे लवंग. तिथे आमची वाडी लवंगांची होती. तोडणीच्या दिवसांत सगळं घर असं वासानं भरायचं, बाबा सांगतात."

म्हाताऱ्यानं माझा हात चाचपडून धरला. "मांगो," तो म्हणाला. "क्या मांगता है?"

सालेम खुर्चीत ताठ झाला आणि कॉफीच्या कपात बघायला लागला. मला मागायला काय काय सुचायला हवं होतं! पण तोंडातून एकच निघालं.

"घर जाना है, बाबा."

म्हाताऱ्यानं माझा हात आणखी घट्ट धरला.

"मेरेको भी," तो म्हणाला.

मग त्यानं सालेम बसला होता त्या दिशेला तोंड वळवलं.

"इसका घर अभी है उदर," तो म्हणाला. "इसको जाने दो."

सालेमनं कप खाली ठेवला आणि दिशदाशाच्या खिशात कपाटाची किल्ली चाचपायला लागला.